ओपन वॉटरचं कार्ड मिळालं, आता पहिल्या दहा डाइव्ह: कोल्हापूरहून समुद्रात उतरणाऱ्यांसाठी

ओपन वॉटरचं, म्हणजे स्कूबा डायव्हिंगच्या पहिल्या कोर्सचं, कार्ड हातात पडलं की आपल्याकडे बेत ठरलेला असतो. शनिवारी पहाटे तीनला गाडी काढायची, गगनबावड्यावरून घाट उतरायचा, नऊला मालवणात पाण्यात, दुपारी सुरमईचं ताट आणि रात्री परत कोल्हापुरात. हा बेत जातानाही चुकतो आणि येताना तर फारच चुकतो. दर सीझनला कुणी ना कुणी हेच करून येतं आणि मग विचारतं, "डोकं का दुखत होतं? हवा इतक्या लवकर कशी संपली? कान अजून का भरलेत?" म्हणून सगळे टप्पे ज्या क्रमाने करायचे, त्याच क्रमाने इथे लिहितोय. क्रम बदलू नका.

एक गोष्ट आधी मान्य करू. कोर्समधल्या चार डाइव्ह इन्स्ट्रक्टरच्या नजरेखाली झालेल्या असतात. वजन त्याने ठरवलं, वेळ त्याने पाहिली, वर कधी यायचं तेही त्यानेच सांगितलं. पाचव्या डाइव्हपासून ते सगळं तुमच्यावर येतं. कार्डावरची मर्यादा १८ मीटर असली तरी पहिल्या चार-पाच डाइव्ह १० ते १२ मीटरवरच करा. शिकायचं असतं ते सगळं तिथेच आहे.

१. फोनवर काय विचारायचं

मालवण-तारकर्लीत 'स्कूबा' म्हटलं की समोरचा माणूस पर्यटकांची डुबकी धरतो. त्यात मागून कुणीतरी सिलिंडर धरून तुम्हाला फिरवतं, तुमच्या जॅकेटची (हवा भरून-सोडून तरंगणं सांभाळतं ते) बटणंही तेच दाबतं. कार्ड असलेला माणूस त्या बोटीत बसला की त्यालाही तसंच फिरवून आणतात. लॉगबुकात एक आकडा वाढतो, हाताला काहीच येत नाही. म्हणून बुकिंग करताना स्पष्ट सांगा: "माझ्याकडे ओपन वॉटरचं कार्ड आहे, मला फन डाइव्ह हवी आहे." मग हे विचारा:

- एका गाइडमागे किती डायव्हर असतील? चारपेक्षा जास्त असतील तर सुरुवातीला नको.
- डाइव्हची खोली किती? गेल्या दोन-तीन दिवसांत पाण्यात किती लांबचं दिसत होतं?
- बोटीवर ऑक्सिजन आहे का? काही झालं तर जवळचं रीकॉम्प्रेशन चेंबर (डाइव्हनंतरच्या बुडबुड्यांच्या त्रासावर दाबाखाली उपचार करायची खोली) कुठे?
- डाइव्ह कॉम्प्युटर (खोली, वेळ आणि वर येण्याचा वेग दाखवणारं यंत्र) मिळेल का? भाड्याने मिळत असेल तर पैसे देऊन घ्याच.

ऑक्सिजनच्या प्रश्नाला "काही होत नाही हो" असं उत्तर आलं, तर दुसरीकडे फोन लावा.

मालवणचं पाणी उथळ आहे, पण नेहमी स्वच्छ असतंच असं नाही. दोन-तीन मीटरपलीकडचं दिसत नाही असे दिवसही येतात. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, बडीला, म्हणजे डाइव्हच्या जोडीदाराला, धरून राहायची सवय अशाच पाण्यात लागते. गोव्याचं ग्रँड आयलंड, मुर्डेश्वरजवळचं नेत्राणी ही पुढची पायरी.

*तपासा:* पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, आपल्या किनाऱ्यावर डायव्हिंग बंद असतं. मे महिन्यात कार्ड काढलं असेल तर दिवाळीपर्यंत पाच-सहा महिने उलटलेले असतात. तेव्हा थेट फन डाइव्ह करू नका, अर्ध्या दिवसाचा रिफ्रेशर घ्या. मास्क काढणं-घालणं, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारं उपकरण) शोधणं, हवा वाटून घेणं, एवढं झालं तरी बास.

२. आदल्या आठवड्यात, घरी आणि तलावावर

इथे आपल्या पोहणाऱ्यांना अडचण येते. पंचगंगेत, विहिरीत सूर मारून वाढलेल्यांना पाण्याची भीती नसते, पण दोन सवयी अंगात मुरलेल्या असतात: दम धरायचा आणि हात मारायचे. स्कूबात दोन्ही सोडावं लागतं. दम धरून वर आलात तर छातीतली हवा फुगते. १० मीटरवर भरून घेतलेला श्वास पृष्ठभागावर दुप्पट जागा मागतो आणि फुफ्फुस फाटू शकतं. हात मारत राहिलात तर हवा दीडपट खर्च होते आणि शेजाऱ्याचा मास्कही निघतो.

म्हणून जलतरण तलावावर, कंबरभर पाण्यात, सोबत कुणीतरी असताना हे करा. मास्क काढून ठेवा, फक्त स्नॉर्कल तोंडात घ्या, चेहरा पाण्यात घालून तीन मिनिटं श्वास घ्या. पहिल्या वीस सेकंदांत नाकात पाणी जाईल, ठसका लागेल. थांबा, पुन्हा करा. नाक उघडं असताना तोंडाने श्वास घेणं जमलं की समुद्रात मास्कमध्ये पाणी आल्यावर घाबरगुंडी उडत नाही. नवख्यांचे निम्मे गोंधळ मास्कमधल्या पाण्यापासूनच सुरू होतात. त्यानंतर हात छातीशी बांधून फक्त फिन्सवर दहा फेऱ्या मारा. पाय मांडीपासून हलवायचा, गुडघ्यातून सायकल चालवायची नाही.

नवा मास्क घेतला असेल तर आतून काचेला साधी पांढरी टूथपेस्ट लावून बोटाने घासा, धुवा, तीन-चार वेळा. कारखान्यातून आलेला पातळ थर निघेपर्यंत मास्क धुकटत राहतो.

*सावधान:* सर्दी असेल तर ट्रिप पुढे ढकला. नाक मोकळं करणारे थेंब घालून खाली गेलात आणि खालीच औषधाचा असर उतरला, तर वर येताना कानातली हवा अडकते. दमा, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण यातलं काही असेल तर मेडिकल फॉर्मवर खरं लिहा आणि डॉक्टरांची सही आणा.

३. आदल्या दिवशीच खाली उतरा

शुक्रवारी दुपारी निघा. करूळने जा नाहीतर फोंड्याने, घाट चालू आहे का ते निघण्याआधी विचारून घ्या. चार-पाच तासांच्या प्रवासानंतर रात्रभर झोप हवी. पहाटे तीनला उठून घाटाची वळणं घेत आलेला माणूस बोटीवर चढायच्या आधीच अर्धा मळमळलेला असतो.

रात्री झणझणीत रस्सा नको आणि दारू अजिबात नको. सकाळी डाइव्हच्या दीड-दोन तास आधी पोहे किंवा केळी, आणि भरपूर पाणी. बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी घ्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर नाही. या गोळ्यांनी गुंगी येते. तुमच्या अंगाला ती कशी मानवते हे डॉक्टरांना विचारून आधी घरी, सुट्टीच्या दिवशी घेऊन बघा.

४. जोडणी आणि काट्याकडे बघत चार श्वास

जोडणी स्वतः करा. बोटीवरची पोरं मदतीला धावतात, सेट तयारच हातात देतात. त्यांचे आभार माना, पण एकेक वस्तू स्वतः तपासा.

क्रम असा: सिलिंडरच्या तोंडाची रबरी ओ-रिंग बघा, चिरलेली नको. जॅकेटचा पट्टा सिलिंडरला घट्ट आवळा आणि सेट उचलून हलवून बघा. रेग्युलेटर बसवा, गेज (सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणारं मीटर) स्वतःकडे न वळवता झडप हळूहळू, पूर्ण उघडा. आकडा २०० बारच्या आसपास हवा.

यानंतरची पायरी बहुतेकजण गाळतात. रेग्युलेटर तोंडात धरा, नजर गेजच्या काट्यावर ठेवा आणि चार खोल श्वास घ्या. काटा जागेवर स्थिर राहिला पाहिजे. प्रत्येक श्वासाला तो खाली झुकून पुन्हा वर येत असेल तर झडप पूर्ण उघडलेली नाही.

हे इतकं ठासून सांगतोय कारण कार्डानंतरच्या तिसऱ्या डाइव्हला मी ते केलं नव्हतं. बोटीवर कुणीतरी झडप बंद करून परत जेमतेम पाव फेरा उघडली होती. पृष्ठभागावर श्वास नीट येत होता, गेज १९० दाखवत होतं. आठ मीटरवर गेल्यावर श्वास जड येऊ लागला, जाड कापडातून ओढल्यासारखा. गेज पाहिलं तर काटा श्वासागणिक लटपटत होता. बडी हाताच्या अंतरावर होता, त्याचा ऑक्टोपस, म्हणजे जादाचा रेग्युलेटर, घेतला, आम्ही सावकाश वर आलो. झडप उघडणारा कोणी का असेना, तपासायचं काम माझं होतं.

मग बडी चेक, एकमेकांचा, हात लावून: जॅकेट फुगतं आणि रिकामं होतं का, वजनाचा पट्टा एका हाताने सुटतो का, बाकीच्या बकलची जागा कळली का, दोघांच्या दोन्ही रेग्युलेटरमधून हवा येते का, शेवटी डोक्यापासून पायापर्यंत एक नजर. नुसतं "सगळं ओके ना?" विचारणं म्हणजे बडी चेक नव्हे.

५. वजन: सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट

नवख्याला खाली जाता येत नाही म्हणून गाइड दोन किलो जास्त अडकवतो. तो खाली जातो, आणि मग जड झाल्यामुळे जॅकेटमध्ये हवा भरतो. ती हवा खोलीप्रमाणे आकसते, फुगते, आणि माणूस डाइव्हभर वर-खाली होत राहतो. पाय तळाशी घासतात, प्रवाळ मोडतं, वाळू उडते, हवा लवकर संपते. पहिल्या दहा डाइव्हमध्ये एकच गोष्ट सुधारायची ठरवलीत तर वजन सुधारा.

तपासणी पाण्यात करायची. पूर्ण सेट घालून, तळाला पाय न टेकता, जॅकेट पूर्ण रिकामं करा. नेहमीसारखा श्वास आत धरून पाय न हलवता थांबा. पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं पाहिजे. आता सगळा श्वास सोडा, हळूहळू बुडायला लागलं पाहिजे. दगडासारखे गेलात तर वजन काढा, बुडलातच नाहीत तर एकेक किलो वाढवा.

ही तपासणी भरलेल्या सिलिंडरवर केली असेल तर साधारण दोन किलो वाढवावं लागतं. कारण सरळ आहे: नेहमीच्या अॅल्युमिनियम सिलिंडरमधली हवा २०० वरून ५० बारवर येईपर्यंत तिचंच जवळपास दोन किलो वजन कमी होतं, आणि शेवटी ५ मीटरवर थांबायच्या वेळी तुम्ही तरंगायला लागता. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे डाइव्ह संपताना, ५० बार उरलेले असताना तपासणी करणं. तो आकडा लिहून ठेवा.

*सावधान:* स्विमिंग पूलमधला आकडा समुद्रात चालत नाही. खारं पाणी जास्त उचलून धरतं, त्यामुळे समुद्रात दोन-तीन किलो जास्त लागतात. सूट बदलला तरी आकडा बदलतो.

आणखी एक. खाली जाता येत नाही याचं कारण बरेचदा वजन नसतंच. भीतीने छाती भरलेली असते आणि पाय नकळत मारले जात असतात. आधी पाय थांबवा, श्वास पूर्ण सोडा, मग वजनाकडे वळा.

६. उतरणं

दोरीला धरून, पाय खाली. डोकं खाली करून जाणं आत्ता नको.

कान पहिल्या अर्ध्या मीटरपासून मोकळे करत जा: नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, दर अर्ध्या-एक मीटरला, दुखायच्या आधी. दुखलं तर एक मीटर वर या, पुन्हा प्रयत्न करा. जोर लावू नका. मास्क चेहऱ्याला खेचू लागला तर नाकातून थोडी हवा मास्कमध्ये सोडा.

गाइड पुढे गेला, ग्रुप खाली पोचला, म्हणून कान दुखत असताना खाली जाणं ही लाजेपोटी होणारी चूक आहे. कान मोकळा झाला नाही तर ती डाइव्ह तिथेच संपली. पैसे गेले तर जाऊ देत.

७. पाण्याखाली

खाली पोचल्यावर लगेच फोटो नको. पहिलं मिनिट थांबा: तीन सावकाश श्वास, गेज बघा, बडीला ओके विचारा.

खुणांमध्ये एक गोष्ट आपल्या लोकांना हमखास फसवते. वर केलेला अंगठा. जमिनीवर तो 'मस्त', पाण्याखाली त्याचा अर्थ 'वर चला'. आमच्यातल्या एकाने मासा पाहून आनंदाने अंगठा दाखवला आणि त्याच्या बडीने त्याला दंड धरून वर न्यायला सुरुवात केली. बडीचं बरोबर होतं. अंगठ्यावर प्रश्न विचारायचा नसतो, दोघांनी वर यायचं असतं. 'छान'साठी अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. बोटीवर बसल्या-बसल्या ओके, वर, खाली, थांब, कान, हवा कमी, हवा संपली एवढ्या खुणा एकमेकांना करून दाखवा.

हवेचा हिशेब निघण्याआधी कागदावर मांडा. सिलिंडर ११ लिटरचं, २०० बार. ५० बार राखीव ठेवायचे, म्हणजे खर्चायला १५० गुणिले ११, साधारण १,६५० लिटर. नवखा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर घेतो असं धरा. १० मीटरवर दाब दुप्पट, म्हणजे मिनिटाला ४० लिटर: जवळपास ४१ मिनिटं. १८ मीटरवर दाब २.८ पट, म्हणजे ५६ लिटर: २९ मिनिटं. घाबरलेला किंवा प्रवाहाविरुद्ध पोहणारा माणूस सहज दीडपट घेतो. उतरणं-चढणं धरलं तर प्रत्यक्ष वेळ वेगळी निघेल, पण 'आणखी थोडं खोल' जाण्याची किंमत किती, हे या हिशेबातून नीट कळतं.

दर तीन-चार मिनिटांनी गेज बघा. १०० बारला गाइडला सांगा, मागे वळा. गाइडने विचारेपर्यंत वाट बघू नका.

*तपासा:* बडी हात लांब केल्यावर लागतो का? गढूळ पाण्यात एवढंच अंतर. दिसेनासा झाला तर एक मिनिट आजूबाजूला शोधा, नाही दिसला तर सावकाश वर या. त्यानेही तेच करायचं, हे बोटीवर ठरवून ठेवा.

कशालाही हात लावू नका. मालवणचा हा भाग सागरी अभयारण्य आहे, आणि लायनफिश किंवा समुद्री साळिंदराचे काटे फार वाईट लागतात.

८. वर येणं

वर यायचं म्हणून जॅकेट फुगवायचं नाही. ही चूक मी अनेकांना करताना पाहिली आहे, कारण बटण दाबलं की वर जातो हे डोक्यात बसलेलं असतं. वर येताना आतली हवा आपोआप फुगते, त्यामुळे उलट ती सोडत यायची: नळी डोक्यावर धरायची, हवा थोडी थोडी सोडायची, फिन्सच्या हलक्या हालचालीने चढायचं. वेग मिनिटाला ९ मीटरपेक्षा कमी. कॉम्प्युटर नसेल तर तुमच्याच सगळ्यात बारीक बुडबुड्यांच्या मागे राहा. श्वास चालू ठेवा.

५ मीटरवर तीन मिनिटं थांबा. डाइव्ह उथळ झाली असली तरी थांबा, सवय लागायला हवी. मग एक हात वर, नजर वर आणि कान मासेमारीच्या बोटींच्या इंजिनाकडे. गाइडकडे फुगणारी मार्कर ट्यूब असेल तर तिच्या खालीच वर या.

पृष्ठभागावर आल्यावर आधी जॅकेट पूर्ण फुगवा आणि मगच रेग्युलेटर तोंडातून काढा. उलट क्रमाने केलं की लाट नेमकी तोंडात येते.

९. बोटीवर, दुसरी डाइव्ह आणि वही

दोन डाइव्हमध्ये किमान तास. पाणी प्या, सावलीत बसा. दुसरी डाइव्ह पहिलीपेक्षा उथळ ठेवा. थंडी वाजत असेल, डोकं दुखत असेल, कान भरल्यासारखा वाटत असेल तर दुसरी सोडा.

वहीत मासे नंतर लिहा. आधी हे: किती वजन, कोणता सूट, कोणता सिलिंडर, किती बारने सुरू, किती बारला संपली, किती मिनिटं, किती खोल, आणि शेवटच्या थांब्याला तरंगलात की बुडलात. पाच डाइव्हनंतर हे आकडे शेजारी ठेवून बघा. पुढच्या वेळी भाड्याच्या दुकानात "किती वजन देऊ?" विचारल्यावर तुमच्याकडे स्वतःचं उत्तर असेल.

१०. घाट चढण्याआधी

हे मुंबईकराला, गोवेकराला सांगावं लागत नाही. आपल्याला लागतं, कारण आपलं घर वर आहे.

दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन अंगात विरघळतो आणि वर आल्यावर तासन्‌तास बाहेर पडत राहतो. त्या काळात बाहेरचा दाब आणखी कमी झाला तर सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून विमानाचा नियम आहे. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंग-सुरक्षेच्या संस्थेची शिफारस अशी: एकच डाइव्ह झाली असेल तर किमान १२ तास, एकाच दिवशी जास्त डाइव्ह किंवा सलग काही दिवस डाइव्ह झाल्या असतील तर किमान १८ तास उड्डाण नको. हा नियम साधारण ६०० मीटरपासून पुढच्या उंचीसाठी आहे. आंबोली ६९० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे आठ टक्के कमी असतो. कोल्हापूर स्वतः साधारण ५५० मीटरवर, म्हणजे घाट चढून आपण पुन्हा उतरत नाही, वरच राहतो.

मालवणात सहा-सात मीटरची एक छोटी डाइव्ह करून घाट चढलात तर धोका कमी असतो, हे खरं. पण तीच सवय ग्रँड आयलंडच्या किंवा नेत्राणीच्या खोल, दोन-दोन डाइव्हनंतरही तशीच चालू राहते, आणि तिथे ती महागात पडते. म्हणून पहिल्या ट्रिपपासूनच वेळापत्रक असं बांधा:

- शुक्रवार दुपार: कोल्हापूरहून निघणं, रात्री मालवणात मुक्काम.
- शनिवार सकाळ: दोन डाइव्ह, दुपारी १२ पर्यंत पाण्याबाहेर.
- शनिवार रात्र: मुक्काम मालवणातच.
- रविवार: डाइव्ह नाही. सिंधुदुर्ग किल्ला बघा, निवांत जेवा, दुपारी दोननंतर गाडी काढा.

यात २४ तासांहून जास्त अंतर पडतं. एका मुक्कामाचा खर्च वाढतो, तो ट्रिपच्या बजेटमध्ये आधीच धरा. ज्याला रविवारी सकाळी ऑफिसला पोचायचं आहे, त्याने त्या आठवड्यात डाइव्ह करू नये.

*सावधान:* सांध्यात खोल दुखणं, हातापायाला मुंग्या, बधिरपणा, अंगावर चट्टे, चक्कर, झोप होऊनही न जाणारा थकवा ही लक्षणं डाइव्हनंतर काही मिनिटांत किंवा एखाद्या दिवसानेही दिसू शकतात. किनाऱ्यावर असतानाच दिसली तर घाट चढू नका. माणसाला आडवं झोपवा, ऑक्सिजन सुरू करा, शुद्धीत असेल तर पाणी द्या आणि डाइव्ह सेंटरला, डॉक्टरांना फोन करा. बरं वाटावं म्हणून पुन्हा पाण्यात उतरवू नका.

घरी पोचल्यावर सोमवारी खांदा दुखायला लागला, तर सिलिंडर उचलल्याने भरला असेल म्हणून तेल चोळत बसू नका. डॉक्टरांकडे जाताना लॉगबुक बरोबर न्या आणि पहिल्याच वाक्यात सांगा: शनिवारी इतक्या मीटरवर, इतकी मिनिटं, इतक्या डाइव्ह झाल्या, आणि घाट इतक्या तासांनी चढलो.